जायफळाचा नर

आमच्या घरात कुणाचं पोट दुखलं की डॉक्टरला फोन जातो आणि कुणाच्या मोगऱ्याला कळ्या धरल्या नाहीत की मला. फरक इतकाच, की डॉक्टरला वेळ विचारून फोन करतात. मला कधीही. मी विहिरीवर पंप चालू करायला गेलेली असेन, तव्यावर भाकरी असेल, फोन वाजतोच. मी लग्न केलं नाही, शाळेच्या कचेरीत कारकुनी केली, आईचं शेवटचं दुखणं काढलं आणि रत्नागिरीजवळ खाडीच्या उतारावरचं आमचं घर आणि त्याच्या खालचं नारळी-पोफळीचं आगर सांभाळत राहिले. तेव्हा आत्याला काय काम असणार, असा सगळ्यांचा समज आहे.

पुण्याहून भाचेसून विचारते, "आत्या, गच्चीवरचा कढीपत्ता पिवळा पडलाय. काय घालू?" घालू! आधी घालायचंच सुचतं ह्यांना. मी म्हणते, बाई, तुमचं बोअरचं पाणी जड. बादलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तोच कुंडीत बसतोय. आंबट ताक पातळ करून घाल अधूनमधून, पावसाचं पाणी मिळालं तर ते साठवून घाल, आणि सगळ्यांत आधी कुंडी उचलून खाली भोक आहे का ते बघ. भोक नसतं. हजार रुपयांची कुंडी आणतील, चिनी मातीची, वर हत्ती रंगवलेले, आणि खाली भोक नाही. मग झाड बुडून मरतं आणि ह्या म्हणतात, पाणी कमी पडलं वाटतं.

नागपूरची भाची, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, दादाची मुलगी, तिचं दुसरंच. तिचं ऊन जाळतं. तिला सांगावं लागतं, की आमच्याकडे कोकणात झाड उंचवट्यावर लावतात, कारण चार महिने पाणी वाहून जायला हवं. तुझ्याकडे खोलगटात लाव, पाणी धरून ठेवायला. पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी बांध. उन्हाळ्यात पाणी पहाटे घाल, संध्याकाळी तापलेल्या मातीवर ओतशील तर मुळं शिजतील. बुडाशी पाचोळा पसर, जाळू नको. एवढं सांगून झालं की ती म्हणते, "थांब आत्या, लिहून घेते." आणि लिहून घेत नाही. पुढच्या वैशाखात परत तोच फोन.

तक्रार नाही हो माझी. सांगायला मला आवडतं. बाबांनी शिकवलेलं आहे, ते माझ्याबरोबर सरणावर जाण्यापेक्षा कुणाच्या तरी गच्चीवर गेलेलं बरं. तक्रार वेगळीच आहे. ज्या माणसांनी आपल्या कुंडीतल्या मिरचीसाठी मला उठवलं, त्यांनी माझ्या दारातलं झाड तोडताना मला एक शब्द विचारला नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

ते झाड जायफळाचं होतं. त्याची गोष्ट आधी सांगते, नाहीतर मी कशासाठी एवढी जळतेय ते कळायचं नाही.

जायफळात नर वेगळा, मादी वेगळी. फळ मादीलाच येतं. पण बी लावलं तर उगवलं ते काय आहे, हे सात-आठ वर्षं कळत नाही. फूल आलं की मगच कळतं. नराला फुलांचे घोस येतात, मादीचं फूल बहुधा एकेकटं. बाबांनी आगरात नारळांच्या सावलीला ओळीने बिया लावल्या होत्या, एक वर मागच्या दाराशी. आम्ही भावंडांनी कळशीने पाणी घालून रोपं वाढवली. फुलं आली तेव्हा निघाले सगळे नर आणि एकच मादी. आई म्हणाली, "घ्या, आपल्या नशिबाला सगळे पुरुषच." बाबांनी कुऱ्हाड घेतली आणि नर तोडले. एक सोडून. मागच्या दाराशी, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून एक होता, तो ठेवला. मी विचारलं, हा का नाही? बाबा म्हणाले, "सगळेच तोडले तर ती बिचारी काय करील?" तेव्हा मला हसू आलं होतं.

झाडं पाडताना दोरी धरायला तेव्हा दादा होता. पुढे लगेच तो मुंबईला शिकायला गेला, तिथेच नोकरी, ठाण्याला ब्लॉक, सगळं छान झालं. इथे येणं गणपतीत आणि आंब्यांना. मागच्या दाराशी तो नर वाढत राहिला. एवढा घेर झाला, की आमच्या स्वयंपाकघरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. आणि खालच्या अंगाला ती मादी धरत राहिली. पावसाळ्यात पिवळी फळं उकलायची, आत लालभडक जायपत्री. मी गोळा करायची, पत्री सोडवून सावलीत वाळवायची, सालीचं लोणचं घालायची. गणपतीत सगळे आले, की निघताना प्रत्येक घराची जायफळाची पुडी तयार. ठाण्याची, पुण्याची, नागपूरची. वहिनी म्हणायची, बाजारातल्या जायफळाला हा वास नाही. नसणारच.

भाचीने नागपूरला बंगला घेतला, पुढे-मागे थोडी जागा असलेला, आणि तिने मला बोलावलं. "आत्या, तूच येऊन बाग लावून दे. फोनवर कळत नाही." थंडीचे दिवस होते. मी आयुष्यात पहिल्यांदा नागपूर बघितलं. ती काळी माती बघून मला आधी रडूच आलं. ओली असली की पायाला चपलेएवढी चिकटते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. मी तिला म्हटलं, ओल्या मातीला हात लावू नको, घट्ट वीट होईल. ओल जरा उतरून वाफसा आला की खण. वाळू मिसळली, शेण मिसळलं, कुजका पाचोळा मिसळला. झाडांच्या बुडाशी मडकी पुरली, बुडाला भोक पाडून वात घातलेली, म्हणजे ती गावाला गेली तरी झाड थेंबथेंब पीत राहील. भिंत तापू नये म्हणून तिच्यावर वेल चढवला. मी तिथे ढोपरं फोडून घेत होते आणि इथे माझ्या दाराशी दादा कुऱ्हाडवाला घेऊन उभा होता. नशीब म्हणतात ते हेच.

परत आले. रिक्षावाल्याने सामान पडवीत ठेवलं. मी कुलूप काढायला गेले तर दार उघडंच, आत दादा. मला वाटलं, बघा, बहीण येणार म्हणून मुद्दाम आला. पाय धुऊन स्वयंपाकघरात गेले आणि उंबऱ्यातच थांबले. आत उजेड होता. ओट्यावर, भांड्यांच्या फळीवर, सगळीकडे ऊन. क्षणभर मला आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो असं वाटलं.

"बाय, बघ केवढा उजेड आला!" दादा मागून म्हणाला. खूश होता तो. खरंच खूश होता.

"दादा, झाड कुठाय?"

"अगो, तो नर होता. फळ ना फूल. बाबांनीच नाही का सगळे नर तोडले? मीच तर दोरी धरली होती. एक राहून गेला होता, तो मी काढला. आता गाडी थेट मागच्या दारापर्यंत येते."

"राहून गेला नव्हता रे. ठेवला होता."

"असं कोण म्हणतं?"

"बाबा."

"मला नाही कधी म्हणाले."

नाही म्हणाले, कारण तू विचारलं नव्हतंस. तू दोरी धरलीस आणि हात झटकून पोहायला गेलास. हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "फूल ना म्हणतोस? घोसच्या घोस यायचे त्याला. ह्याच्यावाचून खालची धरणार कशी?" त्याने लगेच फोन काढला. फोनमध्ये कुणीतरी कुठेतरी लिहिलं होतं, की कधी कधी एकाच झाडावर दोन्ही फुलं असतात. असतात एखाद्यावर. आपलं तसं नाही, मी म्हटलं. तो म्हणाला, "तुझं आपलं काहीतरी. बरं, ते सोड. चहा टाक."

मी चहा टाकला. आणि कपबशी हातात घेऊन त्या उजेडात बसून ढसाढसा रडले. लाज कसली सांगायला! बाबा गेले तेव्हा लोकांसमोर रडले नव्हते एवढी. दादा बाहेर मागच्या दारी गाडी पुसत होता, त्याला ऐकू आलं असेल. आत आला नाही.

त्याचा बेत मला त्या दिवसांत हळूहळू कळला. निवृत्त झाला होता, घरी करमत नव्हतं. वरच्या अंगाला, कातळाकडे, खोल्या बांधून पर्यटकांना द्यायच्या. गुहागरला किनाऱ्यावर सगळे करतात, आपण का नाही? गाड्या लावायला जागा हवी, म्हणून पहिला बळी तो नर. मला सांगायची गरज त्याला वाटली नाही. कारण विचारायचं ते बागेबद्दल, घराबद्दल नाही. बाग माझी. घर त्याचं.

त्या वर्षी गणपतीत सगळे आले आणि खालचं झाड फळांनी लगडलेलं. दादाने मला हाताला धरून खाली नेलं. "बघ! काही फरक पडला? उगाच रडून घर डोक्यावर घेतलंस."

मी म्हटलं, "दादा, फूल धरल्यापासून फळ उकलायला नऊ महिने लागतात. बाईमाणसासारखंच आहे. ही नर असतानाची फुलं. पुढच्या वर्षी बघ."

तो हसला. वहिनी हसली. भाचेसून म्हणाली, "आत्यांना ना, झाडांचं फारच मनाला लागतं." आणि निघताना पुड्या मागितल्या. मी दिल्या हो. बांधून ठेवलेल्याच होत्या. मूर्खासारख्या दिल्या.

ते गेल्यावर माझ्या डोक्यात दोन गोष्टी भांडत राहिल्या. एक म्हणत होती, राहू दे. पुढच्या वर्षी एक फळ धरणार नाही, तेव्हा त्याला कळेल. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे त्याच्या डोळ्यांना दिसेल आणि एकदा तरी तो म्हणेल, बाय, चुकलं. मला ते ऐकायचं होतं. जेवणापेक्षा जास्त त्याची भूक होती. आणि दुसरी म्हणत होती, त्याच्या तोंडून तीन अक्षरं काढण्यासाठी तू त्या झाडाला वांझ ठेवणार? आणि न धरणारं झाड तो ठेवील असं वाटतं तुला?

दुसरी जिंकली. नेहमी तीच जिंकते, मेली.

विसर्जन झालं, पाऊस जरा उतरला, तशी मी जयगडला गेले आणि फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरून हेदवीला पोचले. तिथे माझं आजोळ. मामेभावाच्या आगरात जायफळं आहेत, त्यांत नर अजून राखलेला. दशभुज गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले, वर चढायची ताकद नव्हती. मामेभाऊ म्हणाला, "नराच्या काड्या मागायला आलेली तूच पहिली. लोक मादीच्या मागतात." मी काय झालं ते सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. चांगल्या जून काड्या निवडून दिल्या त्याने, ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या सालीत गुंडाळून. मी मांडीवर धरून आणल्या.

जिला नर राहिला नाही, तिच्याच एका फांदीवर नराचं कलम बांधायचं, म्हणजे ती आपल्यापुरता नर अंगावरच वागवते. बाबांनी हे केलेलं मी एकदा बघितलं होतं, दुसऱ्याच्या आगरात. आंब्याची कलमं मी बांधते, हात बसलेला आहे, पण जायफळाची फांदी उंच आणि माझे गुडघे माझे राहिलेले नाहीत. शिडी धरायला दगडी गडग्यापलीकडच्या शेजारीण चाची आल्या. त्या माझ्याहून म्हाताऱ्या.

"पडलीस तर तुझ्या भावाला मी काय सांगू?" त्यांनी खालून विचारलं.

"सांगा, आणखी एक झाड पडलं. गाडीला आणखी जागा झाली."

"तोबा! तोंड आहे का कोयती आहे ही?"

हसत हसतच बांधली मी ती. फांदीचा शेंडा छाटायचा, चीर द्यायची, काडीला पाचर करून सालीला साल लावून बसवायची, पट्टी घट्ट ओढायची, आणि वरून बर्फाच्या कांडीची लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची, म्हणजे आत दमट राहतं. हे कुणाला करायचं असेल तर भर पावसात करू नका, कुजतं. उन्हाळ्यात तर नकोच. पाऊस ओसरताना करा. मी बऱ्याच काड्या बांधल्या. एकेक काळी पडत गेली. शेवटी एकच राहिली, तिला दोन पानं फुटली, तांबूस, कोवळी. मी चाचींना हाक मारून दाखवली. त्यांनी अल्लाचं नाव घेतलं, मी गणपतीचं.

कुणाला सांगितलं नाही. का नाही, हे मला खूप जणांनी पुढे विचारलं. अहो, सांगितलं असतं तर काय झालं असतं? वहिनीने घरच्या ग्रुपवर टाकलं असतं, "आमच्या वन्सं झाडाचं लग्न लावतायत," आणि खाली सगळ्यांनी हसरे चेहरे चिकटवले असते. मला हसून घ्यायचा कंटाळा आला होता.

पुढचा गणपती आला. झाड हिरवंगार आणि फळ एकही नाही. मी दादाच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, आता म्हणेल. तो झाडाखाली उभा राहिला, वर बघितलं, खोडावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "म्हातारं झालं गो हे. हेही काढून टाकू. खाडीकडे तोंड करून इथे झकास खोली होईल."

मी त्याच्या आणि खोडाच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"दादा, म्हातारं नाही झालेलं. तू नर तोडलास म्हणून."

"परत तेच! अगो, गेल्या वर्षी नर नव्हता, तरी लगडलं होतं ना? मग?"

नऊ महिन्यांचं गणित सांगून झालं होतं. त्याला सोळा-सतरा वर्षांचं पोर समजून परत सांगितलं. त्याने ऐकलं नाही, आणि मग तो मूळ मुद्द्यावर आला. तो मुद्दा मी होते.

"तुझ्याबद्दल पण बोलायचंय. इथे कामं सुरू झाली की धूळ, माणसं, तुला त्रास. तुझी सोय पुण्याला करतो. मोठी गच्ची आहे त्यांची, तुला आवडतं ते कर. तुला काय, माती असली की झालं."

"मी काय पिशवीतलं रोप आहे, उचललं की चाललं?"

"असं कसं बोलतेस? तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

माझं कुणी झाडाशी काही जुळवू नये. झाडाला विचारत नाहीत कारण त्याला तोंड नाही. मला आहे. मला विचारायला हवं होतं.

त्याला खोल्यांसाठी माझी सही हवी होती. बाबांच्या मागे घर-जागेला नाव दोघांचं, हे त्याला सहीची वेळ आली तेव्हा आठवलं. मी रात्रभर विचार केला नाही की काही नाही, तिथेच म्हटलं, "सही देते. पण मी इथून हलणार नाही, आणि ह्या झाडाला हात लावायचा नाही."

"एका न धरणाऱ्या झाडासाठी?"

"हो."

"वेडी आहेस, बाय."

वहिनी आतून म्हणाली, "करू दे हो त्यांना हवं तसं. सही देतायत ना?" सही दिली. आपल्या निम्म्या वाट्याची सही मी एका झाडाची राखण म्हणून दिली, असं चाची म्हणाल्या. बरोबर बोलल्या.

खोल्या झाल्या. मी वर्षानुवर्षं सारवलेलं अंगण गेलं, लाल-करड्या सिमेंटच्या विटा आल्या. पाऊस आता जिरत नाही, घसरत खाली आगरात येतो आणि पोफळींच्या बुडाशी साचतो. मी दादाला म्हटलं, उताराच्या कडेने चर काढ, जांभ्याचे तुकडे टाकून, म्हणजे पाणी मुरेल आणि विहिरीला लागेल. तो म्हणाला, बरोबर बोलतेस, आणि चर मला काढायला सांगितला. मिरकरवाडा बंदरावरून मासळीची कुटी आणून मी खत म्हणून नारळांना घालत असे, तेही बंद झालं, पाहुण्यांना वास येतो म्हणून. नारळ त्याच पाहुण्यांना हवे असतात, ती गोष्ट वेगळी.

आणि मग कलमाला फुलं आली. घोस. मी खाली उभी राहून मान दुखेपर्यंत बघितले. पुढच्या पावसाळ्यात झाडाला फळं आली, पूर्वीसारखी लगडून नाही, पण आली.

दादाने बघितलं. तो म्हणाला, "बघ! म्हणालो होतो ना, नर-बिर काही लागत नाही? दोन वर्षं तोंड फुगवून बसलीस. असू दे आता, देतंय तर राहू दे." आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, "अनुभवाचे बोल. जायफळाला नर ठेवायची गरज नाही. जागा अडवतो." भराभर अंगठे आले. नागपूरच्या भाचीने विचारलं, "बाबा, तुम्हाला बागेतलं एवढं कधीपासून कळायला लागलं?" त्यावर त्याने काळा चष्मा घातलेला चेहरा टाकला.

म्हणजे मी हात मोडून घेतले ते त्याला खरं ठरवायला. झाड मरू दिलं असतं तर तो चुकला असता. जगवलं, तर तो शहाणा. हे गणित बसवायला देवाला माझंच घर सापडलं.

तरी मी गप्प होते. देतंय तर राहू दे, हे त्याचे शब्द माझ्या डोक्यात घोळत होते. मी पण देत होते. पाहुण्यांना सोलकढी, बागेला पाणी, गच्च्यांना सल्ले. तोवर मलाही राहू देतील.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी कोल्हापूरकडची एक बाई कुटुंबाबरोबर आली होती. सकाळी मी खाली आगरात आळी करत होते. पाऊस संपला, की झाडाभोवती गोल बांध घालायचा, पाणी धरायला. पावसाआधी तोच मोडायचा. पदर खोचलेला, हाताला कोपरापर्यंत चिखल. ती चहाचा कप घेऊन उतरत आली, चांगली बोलकी बाई. जायफळ उकललेलं बघून हरखली. लाल जायपत्री तिने कधी झाडावर बघितली नव्हती. मग मायेने म्हणाली, "मावशी, किती सुंदर ठेवलीय हो बाग! तुम्ही इथे किती वर्षं कामाला आहात?"

दादा वरच्या पायरीवर वर्तमानपत्र घेऊन बसला होता. हाकेच्या अंतरावर. त्याला ऐकू गेलं होतं, कारण त्याने वर्तमानपत्र खाली केलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याला चार शब्द बोलायचे होते. "कामाला नाही हो, माझी बहीण." संपलं असतं.

तो म्हणाला, "बाय, पाहुण्यांच्या घावनांचं बघतेस ना?"

बस्स. इतक्या वर्षांचं साचलेलं वर आलं. मी त्या बाईला म्हटलं, "जन्मापासून. जन्मापासून आहे मी इथे. हे घर निम्मं माझं आहे आणि तो वर बसलाय तो माझा सख्खा भाऊ." तिची काही चूक नव्हती, पण मी थांबले नाही. तिचा हात माझ्या चिखलाच्या हातात धरला आणि झाडाखाली नेलं. "ती फांदी बघा. वेगळी दिसते ना? तिथे गाठ आहे. तो नर आहे, मी हेदवीहून आणून बांधलेला. कारण मी घरात नसताना ह्या शहाण्याने दारातला नर तोडला. आणि आता जगाला सांगत सुटलाय, की नर लागत नाही. तुमच्याकडे कुणी जायफळ लावलं तर त्यांना सांगा, एक नर राखा. आणि तोडायच्या आधी घरात जी आहे तिला विचारा."

दादा पायऱ्या उतरून आला. फांदीकडे बघत राहिला. गाठ दिसत होती, न दिसायला काय झालं? बराच वेळ बघितली त्याने. मी वाट बघितली. शपथेवर सांगते, अजूनही मी वाट बघत होते.

"हे कलम तू बांधलंस? एकटीने?"

"चाचींनी शिडी धरली."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?" त्याचा आवाज जरा उतरला होता. जरासाच. मग तो सावरला. "बरं, ऐक. एवढं छान येतंय तुला, तर वरच्या अंगाला तो रायवळ आंबा आहे ना, त्याच्यावर हापूस बांधून दे. पाहुण्यांना दाखवायला बरं पडेल."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला बागेतलं विचारलं आणि मी सांगितलं नाही. आळ्याच्या कडेला ठेवलेलं जायफळ उचललं, त्या वर्षीचं सगळ्यांत मोठं, जायपत्रीसकट. ठाण्याची, पुण्याची, नागपूरची पुडी मी त्या वर्षी बांधली नव्हती, बांधणारही नव्हते.

ती कोल्हापूरची बाई अजून तिथेच उभी होती, कप हातात, डोळ्यांत पाणी. "मावशी, चुकलं हो माझं," ती म्हणाली. ज्याच्या तोंडून मला ते ऐकायचं होतं तो आंब्याकडे निघाला होता. मी ते फळ तिच्या हातात ठेवलं. चुकीचं का होईना, तिने विचारलं तरी होतं.